घाईतलं गिऱ्हाईक

आकारामनं सकाळपासून चार स्कूटरी अडवल्या होत्या आणि चारही पोरी भलत्याच निघाल्या होत्या. साडेसात होत आले होते. कागल एमआयडीसीकडं जाणारी गर्दी अजून तासभर या रस्त्यानं जाणार, मग रस्ता मोकळा. म्हणजे आजचाही दिवस हातचा गेला.

मागं पेठेतला दूधकट्टा रोजच्यासारखा चालला होता. ओळीनं बांधलेल्या म्हशी, पेल्यात थेट धार, वर चार बोटं फेस. घाईच्या माणसाला याच्याइतकी सोपी न्याहारी कोल्हापुरात दुसरी नाही. चूल नको, ताट नको, बूड टेकायलाही नको. हे असलं कच्चं दूध पाजून आकारामनं तीस वर्षं लोकांचा दुवा घेतला. आणि परवा त्याची म्हैस लाळ गाळत, खुंट्याला धडका देत मेली. कधीतरी तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

जनावरांचे डॉक्टर स्पष्टच बोलले. दूध उकळून प्यायलेल्यांचं एक वेळ ठीक, पण पंधरवड्यात ज्यांनी ते कच्चं प्यायलंय त्या सगळ्यांनी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं घ्यायची, आणि लगेच घ्यायची. हा रोग एकदा अंगात उठला की मग देवाच्याही हातात काही राहत नाही.

आकारामच्या म्हशीचं दूध कट्ट्यावर उभ्यानं पिणारी पंधरा माणसं. चौदा जणांना त्यानं घरी जाऊन गाठलं. शिव्या खाल्ल्या, पाय धरले, पण एकेकाला दवाखान्याच्या दारात नेऊन सोडलं. राहिली ती एक. दोन-तीन दिवसांआड यायची. गाडी बंद करायची नाही. "मामा, लवकर" म्हणायची, स्कार्फ हनुवटीखाली ओढून तीन घोटांत पेला रिकामा करायची, की गेली. नाव माहीत नाही, घर माहीत नाही. तोंड उघडं दिसलं तर तो नक्की ओळखेल, पण रस्त्यानं उघड्या तोंडानं जातंय कोण? स्कूटर पांढरी होती एवढंच त्याला आठवत होतं.

ती थांबावी म्हणून त्यानं दुसरी म्हैस रोजच्या जागी आणून बांधली होती. पेला मागायला येईल त्याला "आटलीया" म्हणून वाटेला लावत होता. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळं दर वेळी मान खाली जात होती.

शेजारच्या खुंट्यावर गणपतराव धार काढत होते. ते मान वर न करता म्हणाले, "आकाराम, रस्त्यात तमाशा करू नगंस. काय सांगायचं ते ज्येच्या-त्येच्या कानात सांग. बोंब झाली तर उद्या कट्ट्यावर चिटपाखरू न्हाय यायचं. तुझ्यासंगं आम्हीबी बाराच्या भावात जाऊ."

"कानात सांगायला माणूस तर घावाय पायजे की, गणपतराव."

तेवढ्यात पांढरी स्कूटर आली. निळा स्कार्फ, फक्त डोळे उघडे. आकाराम धावला आणि त्यानं सरळ हँडलच धरलं.

"ताई, जरा तोंडावरचं फडकं काढा की."

"काय?"

"एकडाव काढा. तोंड बघू दे. मला बघाय पायजेच!"

पोरगी किंचाळली. किंचाळणारच. तालमीतला ऋतुराज हातातला पेला टाकून आला आणि त्यानं आकारामची कॉलर धरली. "लाज वाटती का म्हाताऱ्या? लेकीच्या वयाची हाय ती!" एक सणसणीत कानाखाली बसली. टोपी खाली पडली. बघता बघता गर्दी जमली, पाच-सात मोबाईल वर झाले. गर्दीतून गणपतराव डोळ्यांनी खुणावत होते की दोन तडाखे खा, पण गप बस.

आकाराम गप्पच बसणार होता. मार खाल्ला असता, पोलीस चौकीतही जाऊन बसला असता. पण त्याची नजर गर्दीवरून पलीकडं गेली. रस्त्यावर एकामागून एक स्कूटरी चालल्या होत्या, सगळ्यांची तोंडं बांधलेली, थांबायला वेळ कुणालाच नव्हता. त्यातलीच एखादी ती असेल.

"माझी म्हैस पिसाळून मेली!" तो ओरडला. "तिचं कच्चं दूध मी हितं लोकास्नी पाजलंय. समद्यांस्नी सुया दिल्या, एक पोरगी ऱ्हायलीया. तिला हुडकतोय मी!"

कॉलरवरचा हात सुटला. कट्ट्यावर ओठाला लागलेले पेले खाली आले. कुणीतरी तोंडातलं दूध रस्त्यावर थुंकलं. गणपतरावांनी कपाळाला हात लावला आणि बघता बघता त्यांच्या म्हशीपुढची रांग पांगली. स्कूटरवरच्या पोरीनं आता आपण होऊन स्कार्फ सोडला. ती नव्हती.

ऋतुराज ओशाळला. गर्दीकडं वळून म्हणाला, "बंद करा रं ते मोबाईल. कशाला म्हाताऱ्याची बदनामी करताय?"

मोबाईल एकेक करून खाली जाऊ लागले. आकाराम पुढं झाला. सगळ्यात जवळच्या माणसाचं मनगट धरून त्यानं त्याचा मोबाईल परत वर केला.

"बंद करू नगंस, बाबा. जवळनं काढ. माझं तोंड नीट येऊ दे. मला ती घावंना, पण तिनं मला बघितलंय."