घालूनये

सावळानं जाड तेलाचा डबा उचलला आणि कुंडलिकआबांनी त्याचं मनगट धरलं.

“ठेव खाली. कागद हाय ना? आधी कागद वाचू.”

होडीत सारजाबाईच्या मांडीवर कारकून भाऊसाहेबांचं डोकं होतं. धरणाच्या पाण्याची उंची मोजायला ते सकाळी खडकावर चढले आणि घसरले. डोक्याला बांधलेल्या धडप्यातून रक्त अजून झिरपत होतं. शुद्ध नव्हती. भोरचा दवाखाना पार पाण्याच्या दुसऱ्या टोकाला. डोंगरातून झोळीत घालून न्यायचं तर दुसरा दिवस उजाडला असता. वल्ही मारत न्यायचं तर संध्याकाळ झाली असती. होडीच्या मागं लावलेलं खात्याचं इंजिन चाललं, तर तासाभरात धरणाची भिंत येत होती आणि तिथं साहेबाची मोटार होती.

इंजिनाची टाकी कोरडी होती. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं आणि मग टाकी भरायची, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण पेटीत तेलाचे डबे दोन निघाले. एकात काकवीसारखं जाड तेल, दुसऱ्यात पातळ. चुकीचं पडलं तर इंजिन भर पाण्यात तापून अडकणार. मग समोरच्या वाऱ्यात वल्ही मारत बसायचं. भाऊसाहेबांकडं तेवढा वेळ दिसत नव्हता.

तेल मिसळायचं काम भाऊसाहेब स्वतः करत. दुसऱ्या कुणाला डब्याला हात लावू देत नसत. सावळा चार वर्षं होडीवर होता, पण दोरी ओढायची, होडी धुवायची आणि इंजिन बंद पडलं की वल्ही मारायची, एवढंच त्याच्याकडं होतं. पुढच्या आठवड्यात भाऊसाहेब रजेवर जायचे होते. मागं होडी सावळाच्या हाती राहणार, म्हणून त्यांनी एक चिठ्ठी लिहून पेटीत ठेवली होती. ती त्यानं कुणाकडून तरी वाचून घ्यायची होती.

वाडीत मोडी वाचणारे एकटे कुंडलिकआबा. त्यांनी ओळीखाली बोट ठेवलं. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. सगळी ओळ एकाच रेघेला टांगलेली असते.

जुनेइंजिनासपातळतेलघालूनये.

जुन्या इंजिनाला पातळ तेल घालून ये, असं आबांनी वाचलं आणि पातळ तेलाचा डबा पुढं ओढला. टोपण काढता काढता त्यांचा हात थांबला. त्यांनी ओळ पुन्हा वाचली. आता ती पातळ तेल घालू नये, अशी लागली. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा परत घालून ये.

मग काठावर जमलेला जो तो बोलायला लागला. धरणावरच्या साहेबाच्या नव्या इंजिनाला पातळच घालतात, तेव्हा ते जास्त चांगलं असणार, असं गेनबाचं म्हणणं पडलं. ज्ञानू गाडीवान म्हणाला, नव्याचं सोडा, जुन्या गाडीचा कणा झिजलेला असतो, त्याला दाटच वंगण लागतं. मग होडीला बैलच जुंप की, असं गेनबा म्हणाला. दोन्ही निम्मं निम्मं घाला पण निघा, असं सारजाबाई म्हणाली. तिच्या हाताला भाऊसाहेबांचं कपाळ गार लागत होतं. गेनबानं भाऊसाहेबांच्या कानाशी तोंड नेऊन विचारून पाहिलं. पापणीसुद्धा हलली नाही. आबांनी कागद उन्हात धरला, डोळ्यांजवळ आणला, लांब नेला. अक्षरं तीच राहिली.

 सावळा कागदाजवळ वाकला.

“आबा, शेवटचं अक्षर काय हाय?”

“ये.”

“या तर न्हाई?”

“न्हाई. ये.”

“मग घालू नये,” सावळा म्हणाला. “भाऊसाहेब मला ये म्हणत न्हाईत. या म्हणतात. तसं असतं तर घालून या लिवलं असतं.”

गेनबा हसला. या म्हणतात तर जेवायला पाटबी मांडत असतील, असं तो म्हणाला.  भाऊसाहेबांना सावळाला या म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं. पण दिवसभर पाण्यावर ते दोघंच असत, ऐकणार कोण? आबांनी शेवटच्या अक्षरावर परत बोट ठेवलं. आता ओळ एकाच तऱ्हेनं लागली. त्यांनी जाड तेलाचा डबा सावळाच्या हातात दिला.

सावळानं तेल मापानं ओतलं, काठीनं ढवळलं, टाकी भरली. तिसऱ्या हिसक्याला इंजिन चालू झालं. निळा धूर पाण्यावर पसरला. पुढं कुणी विचारलं तर दाखवायला असावा म्हणून आबा कागद मुठीत धरून होडीत बसले. मध्यावर इंजिन एकदा ठसकलं. आबांनी डोळे मिटून घेतले. सावळानं इंजिनावर तळहात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला आणि होडी भिंतीच्या रोखानं वळवली.

डॉक्टरांनी सात टाके घातले. उन्हं कलली तेव्हा भाऊसाहेबांनी डोळे उघडले. खाटेशी आबा उभे होते, सारजाबाई बसली होती. भाऊसाहेबांची नजर दारापाशी गेली.

“सावळ्या, तिथं काय उभा राहिलास? ये इकडं. होडी नीट बांधलीस ना?”

बांधली, असं सांगत सावळा आत गेला.

दवाखान्याच्या पायरीवर आबांनी त्याला गाठलं.

“तू तर म्हणालास, ते या म्हणतात.”

“आजवर एकदाबी न्हाई म्हणले.”

आबांनी मूठ उघडली. घामानं कागद ओला झाला होता.

“मग ह्याच्यावर लिवलंय तरी काय?”

“मला काय ठावं, आबा? मला वाचता येतंय व्हय?” सावळा म्हणाला. “इंजिनाला काय लागतं ते ठावं हुतं. पण तसं म्हणलो असतो, तर डबा दिला असता तुमी माझ्या हातात?”