गुडघा

राख सावडताना नाडकर्णींच्या हाताला धातूचा गुडघा लागला. पत्नीच्या, कुंदाबाईंच्या पायात तो मागच्याच वर्षी बसवला होता. गुरुजी म्हणाले, "अस्थींबरोबर हाही पाण्यात सोडा." नाडकर्णींनी तो रुमालात गुंडाळून घरी आणला.

त्यांनी काचेचं कपाट उघडलं. शंख, स्फटिक, सुगरणीचं घरटं, बिनकिल्लीची कुलपं असं आयुष्यभर जमवलेलं सगळं त्यात होतं. कुलपं जरा सरकवून त्यांनी गुडघा मागे ठेवला.

"बाबा, आईला असं मांडून ठेवणार?" मुलीनं, शर्वरीनं विचारलं.

"अस्थी सोडल्या, गं. हे मात्र टाकवेना."

शर्वरी कपाटाजवळ आली. मग तिनं गुडघा उचलला, ओढणीनं पुसला आणि मधल्या कप्प्यात अगदी पुढे ठेवला.

आता तरी रडू येईल, असं नाडकर्णींना वाटलं. आलं नाही.