चषकांचं कपाट

ओकिनावातल्या माझ्या घराच्या बैठकीतच मी मुलांना कराटे शिकवतो. काल पट्ट्याच्या परीक्षेत दहा वर्षांची चिनात्सू नापास झाली. तीन पावलं पुढे जाऊन वळायचं होतं. ती दोनवरच वळली. “सेन्सेई, आपल्याकडे तिसऱ्या पावलाला तुमचं कपाट आडवं येतं ना,” ती रडवेल्या आवाजात म्हणाली. कपाटात माझे चषक होते, तीस वर्षांचे. फेरपरीक्षा रविवारी होती. मी चषक भंगारात काढले, कपाट शेजाऱ्याला दिलं. बायको म्हणाली, “मी इतकी वर्षं सांगत होते, तेव्हा कान कुठे होते?” संध्याकाळी चिनात्सू आली. “आता नीट बघ,” म्हणत मी पुढे झालो आणि सवयीने दुसऱ्याच पावलावर वळलो. ती फिसकन हसली. “सेन्सेई, पुन्हा पहिल्यापासून!” मी मुकाट्याने जागेवर गेलो. ती शेजारी उभी राहिली आणि आम्ही दोघं पावलं मोजू लागलो.