सुपाचा आवाज

दुपारी टीव्हीवर जासूसी सिनेमा लागला की कामठ्याचे उदाराम आणि देवकाबाई तो सोडत नसत. देवकाबाई मागे बसून सुपात तांदूळ पाखडायच्या. खुनी पडद्यावर आला की त्यांचं सूप थांबायचं.

"हाच व्हय मारणारा. तुमाले काऊन दिसून नाही राहिला जी?"

त्या कधी चुकल्या नाहीत.

त्या वारल्यापासून उदारामांनी टीव्ही लावला नव्हता. आज घर खायला उठलं, म्हणून लावला. सिनेमात एका न्यूज चॅनेलच्या स्टुडिओत बातम्या देणारी बाई मरून पडली होती, आणि जासूस एकेकाला दिव्याखाली उभं करून विचारत होता.

मागे सूप वाजू लागलं.

उदारामांनी वळून पाहिलं नाही. पाहिलं तर आवाज जाईल, अशी भीती वाटली. मेकअपवाला आला, कॅमेरावाला आला, चॅनेलचा मालकही येऊन गेला. सूप चालूच होतं.

"अजून नाही सापडला का वं?" ते हसले. कितीतरी दिवसांनी त्यांना घरात कुणी असल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात लाईट गेली. सिनेमा बंद पडला, पण सूप वाजतच राहिलं.

टीव्हीच्या काळ्या पडद्यावर आता उदारामांचाच चेहरा आला.

सूप थांबलं.