अभ्यासदौरा

"मी वाटेत नको म्हणून तुम्ही मला साता समुद्रापार आणलंत, अध्यक्ष!"

चर्चमधली गोरी माणसं वळून बघायला लागली, तरी हिरा तांडेलचा आवाज खाली येईना. जुनी वस्ती कशी जपावी हे शिकायला त्यांची अख्खी नगरपालिका जर्मनीतल्या ल्युबेक बंदरात आली होती. समोर दोन अजस्र घंटा फुटून जमिनीत रुतल्या होत्या. महायुद्धात बॉम्ब पडले, तेव्हा मनोऱ्यावरून कोसळलेल्या. लोकांनी गाव पुन्हा उभं केलं आणि घंटा मात्र आठवण म्हणून पडल्या तिथंच राहू दिल्या, असं गाईडबाई सांगत होत्या. तेवढ्यात हिराच्या दिराचा फोन आला होता.

"वैनी, पेठेत जेसीबी शिरला. आपलं जाळ्यांचं दुकान गेलं."

गावाकडच्या बंदरावरच्या जुन्या पेठेला हात लावाल तर जेसीबीपुढे आडवी पडेन, असं भर सभेत बजावणारी नगरसेविका ती एकटीच. आणि दौऱ्याचं पहिलं बोलावणंही तिलाच. विमानात बसायचं म्हणून खुळीनं नवी साडी घेतली होती.

"ताई, विकास आहे तो. घरी गेल्यावर बोलू की निवांत," अध्यक्ष हसले. "चला रे, घंटेजवळ एक फोटो होऊन जाऊ दे."

सगळे खरंच ओळीत उभे राहिले. मधली जागा तिच्यासाठी सोडून.

ती जागची हलली नाही.

"यांचं गाव वैऱ्यानं पाडलं, अध्यक्ष. आमचं कोणी पाडलं? बोला!"