इताई

मिझु म्हणजे पाणी. येडगावच्या घरात दाराशी बसलं तरच मोबाईलला रेंज येते. इताई म्हणजे दुखतंय. साळुबाईचा खुबा मोडलाय. जपानमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायला माणसं हवी आहेत.

हे सगळं एकदमच डोक्यात घेऊन हर्षाली त्या कामाच्या मुलाखतीला दाराशी बसली होती. मोबाईलमधल्या जपानी बाई सोपंच विचारत होत्या, पण वर्षभर घोकलेला एक शब्द ऐन वेळी आठवेल तर शपथ. तिने ओढणीचं टोक पिळून पिळून दोरी केली होती.

तेवढ्यात आतून आत्याची, साळुबाईची, किंकाळी आली. "इताई! इताई!"

आत्याची कूस बदलताना हर्षाली रोज तिच्यावरच जपानीचा सराव करायची. ऐकून ऐकून आत्यालाही शब्द पाठ झाले होते.

जपानी बाई दचकल्या. हर्षालीने मोबाईलकडे पाहिलं, आतल्या दाराकडे पाहिलं आणि मोबाईल तिथंच टाकून धावली.

"दोको गा इताई देसु का? मिझु?" घाबरून तिच्या तोंडून जपानीच निघालं, तेही मोठ्यानं. मग भानावर येऊन ती म्हणाली, "आत्या, कुठं दुखतंय गं?"

"दुखतंय कुठलं, बये!" आत्या कुजबुजली. "त्या बाईफुडं तुझी दातखिळी बसली व्हती. माझ्यापाशी लई घडाघडा बोलतीस, म्हनून वरडले. जा, पळ आता."

ती दाराशी परतली, तेव्हा बाई हसत होत्या. "कधी येताय?" त्यांनी विचारलं.

घरात आत्या आणि हर्षालीशिवाय तिसरं माणूस नव्हतं.