जिन्याखालचा लोड

शर्टाला धुराचा वास. चार बॅटऱ्यांच्या इन्व्हर्टरची घुरघुर. जिन्याखालच्या भिंतीवर एक काळा डाग.

खांदा कॉलनीतल्या त्या सोसायटीत लोडशेडिंग संपून वीज आली, की थोड्याच वेळात बिल्डिंगचा मेन फ्यूज उडायचा. सेक्रेटरी शैलेशने वीज नसतानाही एसी चालावा म्हणून घरी मोठा इन्व्हर्टर बसवला होता. आपला भार कुणावर नाही, अशी त्याची खात्री. त्याने जिन्याखाली इस्त्री करणाऱ्या मंगळीला उठवलं.

"सायेब, माझी इस्त्री तं..."

"तुझ्या इस्त्रीनेच लोड वाढतो. उचल सामान!"

रोज तिच्याकडे कपडे टाकणाऱ्यांनी आपापले कपडे उचलून नेले.

दिवाळीत शैलेश इन्व्हर्टर बंद करून गावाला गेला. मंगळी गेल्यावरही उडत राहिलेला फ्यूज तेवढे दिवस उडाला नाही. परतल्यावर त्याने इन्व्हर्टर चालू केला. लोडशेडिंग संपून वीज आली, रिकाम्या बॅटऱ्या चार्ज व्हायला लागल्या आणि अख्खी बिल्डिंग अंधारात गेली.

"काय सेक्रेटरी," जिन्यातून शेजारचा परेश ओरडला, "आता कुणाला काढायचं?"

शैलेशला दार उघडवेना.



मंगळीची इस्त्री कोळशाची होती.